मांडवापुरती फुले

मुलीच्या लग्नाला लागणारी फुले घरच्या बागेतलीच असतील, असे मी एका बेसावध क्षणी बोलून गेलो. आणि बोललो तेही नाशकात! मोगल अमदानीत ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, जिथे आजही भल्या पहाटे आसपासच्या खेड्यांतून फुलांच्या पाट्या बाजारात उतरतात, तिथे लग्नापुरती फुले पिकवायला निघणे म्हणजे गंगेकाठी राहून विहीर खणणे! पण हिची तशी इच्छा होती, आणि लग्न पाहायला ही उरली नव्हती. त्यामुळे चेष्टा करणारेही गप्प बसले.

लग्न मार्गशीर्षातले. झेंडूला बी टाकल्यापासून फूल यायला अडीच-तीन महिने लागतात; तेव्हा उलटे दिवस मोजून गणपती उठल्यावर बी टाकले. शेवंती हिनेच कुंड्यांतून लावलेली होती. दिवस लहान होऊ लागल्याखेरीज ती कळी धरीत नाही. तिच्यापुढे कोणाची घाई चालत नाही.

पुढे झेंडूचे शेंडे खुडायची वेळ आली. मधला शेंडा खुडला म्हणजे बाजूला फांद्या फुटतात, फुले वाढतात, हे सारे मला ठाऊक होते. पण जोमाने वर निघालेल्या रोपाला नख लावायला माझा हात धजेना. शेवटी मुलीनेच ओळीने सगळे शेंडे खुडले.

"बाबा, तुम्ही आपले नुसते पाणी घाला!" ती म्हणाली. तिची आईही हेच म्हणत असे.

लग्न आठ दिवसांवर आले आणि अवेळी पाऊस झाला. सकाळी पाहतो, तो भरली फुले पाण्याने जड होऊन चिखलात लोळत होती. मांडवाची तोरणे अखेर बाजारच्या फुलांचीच झाली. पडवीतल्या कुंड्यांतली शेवंती तेवढी वाचली. तिचे मोजून दोन हार झाले.

ते ओवताना एक गंमत मनात आली. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच, शेवंती चीनची. परमुलखातून आलेली ही फुले. आज त्यांच्यावाचून आपले तोरण होत नाही, की वरमाला होत नाही. आणि त्यांचे माहेर कोणते, हे कोणी विचारीतही नाही. या विचाराने धीर यायला हवा होता. पण मला सुईत दोरा ओवता येईना.

लेक सासरी गेली. चौथ्या दिवशी सहज बागेत डोकावलो, तर आडव्या पडलेल्या झेंडूने मान वर केली होती. तिने शेंडे खुडले म्हणून फुटलेल्या त्या फांद्यांवर फुलेच फुले! लग्न होऊन गेल्याचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते.

परवा ती मांडवपरतणीला येणार होती. मी घरातून परडी आणली.