खाडा

खानावळीच्या भाषेतला पहिला शब्द मी शिकलो तो ‘खाडा’. १९८८ साली यवतमाळहून शिकायला परळला आलो आणि लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे दोन वेळचं जेवण लावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, ‘‘खाडो करूचो आसलो तर सकाळीच सांग. भात फुकट जाता.’’ सांगून केलेल्या खाड्याचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा व्हायचे. न सांगता केलेला खाडा मेंबराच्या नावावर लागायचा, कारण त्याच्या वाटणीचा भात शिजलेला असायचा.

मुंबई मला परदेशासारखीच होती. भाषा मराठीच, पण मावशींची मालवणी निम्मी डोक्यावरून जायची. ताटातलं तर काहीच ओळखीचं नव्हतं. आमच्याकडे मासा म्हणजे तळ्यातला, तोही क्वचित. इथे बुधवार, शुक्रवार, रविवार वाटीत लालभडक कालवण आणि त्यात त्रिफळांचा वास. पहिले दोन आठवडे मी वरणभातावर काढले. मावशींनी आग्रह केला नाही. एका रविवारी हातात पिशवी दिली आणि म्हणाल्या, ‘‘चल माझ्यावांगडा.’’

बाजारात त्या भाव विचारायच्या आधी माशाचा गालफडा उचलायच्या. आत लालबुंद दिसलं तर पुढची बोलणी. मग बोटानं पोट दाबायचं. खळगा पडून राहिला तर मासा शिळा. बांगड्याचा डोळा काचेसारखा हवा, बोंबील हातात घेतल्यावर घट्ट लागायला हवा. ‘‘डोळो बघ, मगे भाव विचार,’’ असं म्हणत त्यांनी माझंच बोट धरून एका बांगड्यावर दाबलं. थंडगार, टणक. मुंबईत मी हात लावून ओळखलेली ती पहिली वस्तू. त्या रात्री मी कालवण खाल्लं.

मग बाजार हीच आमची शाळा झाली. पावसाळ्यात दादर स्टेशनबाहेर ठाण्या-पालघरकडच्या आदिवासी बायका शेवळं आणि टाकळा घेऊन बसत. शेवळं खाजरी, त्यांच्याबरोबर काकडं घातलीच पाहिजेत, हे मी तिथे उकिडवं बसून शिकलो. नारळी पौर्णिमेपर्यंत सुकट, सोडे आणि सुक्या बोंबलांवर भागायचं. आंब्याच्या दिवसांत एकदा क्रॉफर्ड मार्केटात पेटी घ्यायला गेलो. १८६९ साली उभी राहिलेली ती इमारत मी मान वर करून बघत होतो. मावशी पेटीतलं गवत सारून देठाचा वास घेत होत्या.

एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत जायचं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मग धणे, मिरी, लवंग, दालचिनी, नागकेशर, बादयान. सगळं वेगवेगळं भाजायचं, आणि दगडफूल शेवटी, कारण ते क्षणात करपतं. डंकांच्या दणक्यांनी पायाखालची जमीन हलायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं. पण आपला मसाला कुटून होईपर्यंत मावशी जागेवरून उठत नसत. वीसएक माणसं वर्षभर ज्या तिखटावर जेवणार, त्यात कुणाचं काही मिसळता कामा नये.

खानावळ मुळात गिरणी कामगारांची. गावी बायकामुलं ठेवून आलेल्या या माणसांना जेवू घालणाऱ्या बायका गिरणगावात चाळीचाळीत होत्या. त्या वाण्याकडून उधारीवर धान्य घेत आणि सावकाराच्या व्याजात बुडत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मावशीही तेव्हाच पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या. ‘प्रेमाताई’ म्हणताना त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जायचा.

एकदा फळीवरून डबा काढताना जुनी वही खाली पडली. १९८२ सालची. प्रत्येक नावापुढे दिवसाला दोन चौकटी, सकाळ आणि रात्र. जेवला तर रेघ, खाडा तर शून्य. दत्ता सामंतांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. पण वहीत त्या तारखेला काहीच वेगळं दिसत नव्हतं. मार्चपर्यंत रेघा होत्या, उधारीवर. मग एकेका ओळीत शून्यं सुरू झाली, ओळच्या ओळ शून्यं. ‘‘सगळे सांगान गेले,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘गावाक जातंव म्हणून.’’ काहींच्या मनीऑर्डरी पुढे आल्या, काहींच्या नाही. पैशांविषयी त्या काही बोलल्या नाहीत. वही पुसून पुन्हा फळीवर ठेवली.

शिक्षण संपलं, नोकरीनं पुण्याला नेलं. पहिली दोन वर्षं महिन्याला जायचो, मग गणपतीत, मग फोनवर. ‘‘येतलंस तर सांगान ये, बोंबील हाडून ठेवतंय.’’ मी हो म्हणायचो. दोनदा तारीख ठरवून गेलो नाही, आणि कळवलंही नाही.

मावशी गेल्या ते मला तेराव्यानंतर कळलं. गेलो तेव्हा चाळ पाडून झाली होती. पत्र्यांच्या कुंपणाआड खड्डा होता. मावशींच्या सुनेनं नव्या जागेत चहा केला. वह्यांचं विचारलं, तर जागा सोडताना रद्दीत गेल्या म्हणाली. ती तरी काय करणार? तेवढ्याशा नव्या खोलीत कुणाचे खाडे कुठे ठेवायचे?

निघताना बाजारातून गेलो. एका कोळणीपुढे थांबलो, गालफडा उचलला, बोट दाबलं. तिनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि वाट्यात एक बांगडा जास्तीचा टाकला. हे कुणाकडून शिकलो, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

आमच्या घरात अजून तो शब्द चालतो. रात्री बाहेर जेवायचं असेल तर मी सकाळीच सांगतो, ‘‘आज माझा खाडा.’’ या सवयीत मी कधी चुकत नाही. चुकलो तो एका घरी. तिथे दोनदा माझ्या नावचे बोंबील आणले गेले, भात शिजला, आणि मी गेलो नाही. खानावळीचा नियम मला पाठ आहे. न सांगता केलेला खाडा मेंबराच्या नावावर लागतो.