नाव आणि रंग

रंगांना नावे ठेवण्याची हौस आपल्याला काही कमी नाही. अबोली, आमसुली, मोरपंखी, डाळिंबी, शेवाळी! पण साडीच्या दुकानात नुसत्या नावावर कोणी भुलते का? ‘अहो, जरा घडी उलगडा!’ असे घरची मंडळी म्हणतातच, आणि दुकानदारही मुकाट्याने उलगडतो.

संगणकाच्या पोथीत मात्र अशी घडी उलगडायची सोय सहसा नसते. पडद्यावर खिडक्या नि बटणे मांडण्यासाठी ‘टीके’ नावाचा एक साधनसंच आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत रंगांचे एक पान आहे. शेकडो नावे, आणि प्रत्येकापुढे तांबडा, हिरवा, निळा यांचे तीन आकडे. ‘टोमॅटो’ म्हणजे २५५, ९९, ७१. ‘पपाया व्हिप’ म्हणजे २५५, २३९, २१३. एकट्या करड्याच्याच ० ते १०० अशा १०१ छटा! एवढे रंग, आणि पान मात्र नुसत्या अक्षरांचे. पाहुण्याला पानावर बसवून पक्वान्नांची यादी वाचून दाखवावी, तसे.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मी त्या पानाला चालती उदाहरणे जोडू लागलो. दोन-दोन ओळींचीच. त्या चालवल्या की लहानशी खिडकी उघडते आणि रंग समोर हजर! नाव बदलून पुन्हा चालवा, दुसरा रंग.

आणि गंमत पहा. ‘ग्रे’ आणि ‘डार्क ग्रे’ शेजारी मांडले, तर गडद म्हणवणाराच फिका निघतो! पूर्वी ग्रेचे तिन्ही आकडे १९० होते. २०१२ साली आलेल्या ८.६ या आवृत्तीत ते वेबच्या रिवाजाप्रमाणे १२८ झाले. डार्क ग्रे आपला १६९ वरच राहिला. आकडा मोठा तितका रंग उजळ, हा इथला नियम. जुन्या पुस्तकावर विसंबलेला मुलगा गोंधळणारच. छापलेला आकडा जिथल्या तिथे बसून राहतो. चालते उदाहरण मात्र समोरच्या यंत्राला विचारून उत्तर देते.

आडगावी एकट्याने शिकणाऱ्या पोराला शंका विचारायला शेजारी कोणी नसते. चूक आपली की पुस्तकाची, हे त्याला कळत नाही, आणि बहुधा तो स्वतःलाच मठ्ठ समजून पुस्तक मिटतो. त्याच्या हाती दोन चालत्या ओळी असल्या, तर निदान स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला तो शिकेल.

रांगोळी तरी आपण कुठे वाचून शिकलो? आईने चिमटीत रंग दिला आणि म्हणाली, ‘सोड बघू!’