पैरा आणि इर्जिक

गेल्या हिवाळ्यात मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेलो होतो. सात दिवस आम्ही शेजारच्या तालुक्यातील एका गावात गटारे उपसली, शोषखड्डे खणले आणि रात्री पथनाट्य केले. हाताला फोड आले, त्यांचाही अभिमान वाटला. घरी परतलो तेव्हा आजी ओट्यावर नव्हती. शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी ती न्हाणीत पडली होती आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. "पोराला कळवू नगा, काम टाकून यील," असे तिनेच सर्वांना बजावले होते.

ऑपरेशननंतर तिला घरी आणले. आई-वडील रोजगाराला जात. दुपारी मी कॉलेजातून आलो की घरात ती आणि मी दोघेच. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी तिने हलक्या आवाजात भांडे मागितले. मी उठलो खरा, पण भांडे न आणता शेजारच्या काकूंना बोलवायला गेलो. काकू पिठाचे हात धुऊन आल्या आणि सगळे आवरून गेल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. परक्या गावची गटारे उपसणारे माझे हात स्वतःच्या आजीसाठी पुढे झाले नव्हते.

संध्याकाळी मी सेवा योजनेची वही भरत होतो. आजीला अक्षर येत नाही. "काय लिवतुयास?" तिने विचारले. मी जरा ऐटीतच सांगितले की ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे, एक शिबिर करायचे, मग प्रमाणपत्र मिळते.

"म्हंजी पैऱ्यानं हाय म्हन की," आजी म्हणाली.

आमच्या माणदेशात पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात. दिवसाला दिवस. इर्जिक निराळी. ज्याचा बैल मेला, ज्या घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, त्याच्या रानात गावचे नांगर एका दिवशी उतरायचे. त्याने जमेल तसे जेवण घालायचे आणि हिशेब तिथेच संपायचा.

मला तिचे बोलणे लागले. "पैरा वाईट असतो का?" मी विचारले.

"वाईट कशानं? पैऱ्याबिगर पेरण्या झाल्या नसत्या. पर ज्याच्यापाशी परत द्याला दीसच न्हाई, त्यानं कुणाच्या दारात जायाचं?"

मग ती बहात्तरच्या दुष्काळाचे सांगू लागली. १९७२ चा दुष्काळ आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा आम्हांला परीक्षेपुरता ठाऊक. आजी तेव्हा नवी नवरी होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर माणसे दिवस काढत होती. अशात तिला ताप भरला. खडीचे माप भरले नाही तर मजुरी कापली जायची. तेव्हा टोळीतल्या बायकांनी आपापल्या ढिगातली एकेक पाटी रोज तिच्या ढिगावर ओतली. असे आठ दिवस चालले.

"तेवढं त्यांच्या मापात कमी पडलं. त्यातली एकबी आता न्हाई. कुणाची पाटी कुणाला परत करू? म्हून जिथं कमी दिसलं तिथं टाकत आले."

गावातल्या किती बाळंतिणींच्या उशाशी ती जागली आणि दुःख झालेल्या किती घरांत तिने भाकरी नेल्या, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यामागे ही पाटी होती, हे त्या संध्याकाळी कळले.

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "द्याला मला कवा जड न्हाई गेलं. आता घेताना जीव जातुया. दुपारी तू उठून गेलास, तवा वाटलं, लई दीस जगले."

यावर मी काही बोलू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी भांडे मी आणले. तिने डोळे मिटले होते आणि मीही दुसरीकडे पाहत होतो. चार-पाच दिवसांनी आम्ही तेच करताना ज्वारीच्या भावाविषयी बोलू लागलो.

शिबिराने मला हाताने काम करायला शिकवले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तिथे लोक आमचे कौतुक करत होते. इथे माझ्यासमोर एक लाजलेले माणूस होते, आणि माझ्या तोंडाकडे पाहून त्याला आपली किंमत कळत होती. एकदा मी वहीत "आजीची सेवा, १ तास" असे लिहिले आणि लगेच खोडले. माझे १२० तास दुसऱ्या कामांनी भरले.

आजी आता काठीने ओट्यापर्यंत येते. काकूंना मी विचारले होते की तुमचे उपकार कसे फेडू. त्या हसल्या आणि चुलीकडे वळल्या. यंदा आळीच्या टोकाच्या घरातले आई-बाप ऊसतोडीला गेले, तेव्हा त्यांची दोन मुले म्हातारीपाशी मागे राहिली. संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर अभ्यासाला येऊ लागली. आजी काठी मांडीवर घेऊन ऐकत बसते आणि मधूनच हसून विचारते, "ह्याचं तास लिवलंस का रं?"