बगळा काय गिळतो

न्हावा शेवाच्या धक्क्यावरच्या क्रेन पाहिल्या की लिहिणाऱ्याला हटकून जिराफ आठवतो. लांब मान, उंच पाय, झाली उपमा. पण या किनाऱ्यावर जिराफ कधी कोणी पाहिला? तो येतो चित्रांच्या पुस्तकातून, आणि जुळते ती नुसती आकृती. बगळा मात्र इथलाच. ओहोटीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी तो हलतही नाही, आणि मग एकदम मान खाली. क्रेनच्या वरच्या खोलीत बसलेला माणूस पायांखालच्या काचेतून असाच खाली नजर लावून असतो. पेटीचे चारही कोपरे नेमके जुळेपर्यंत थांबतो, मग उचलतो. इथे क्रिया जुळली, रोखलेली नजर जुळली. फरक एवढाच की बगळा मिळालेले गिळतो आणि क्रेनला मिळालेले लगेच ट्रकवर ठेवावे लागते. मला या उपमेत हा फरकच सर्वांत बोलका वाटतो. दिवसभर एवढा माल उचलून त्या माणसाच्या वाट्याला काय येते, हे बगळ्याने विचारायला लावले. जिराफाला ते सुचले नसते.

काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात उपमेचे लक्षण सांगताना साधर्म्याबरोबर भेदही मागितला होता. शाळेत आपण उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि ‘सम, सारखा, परी’ एवढे पाठ करतो. भेदावर प्रश्न येत नाही, म्हणून तो विसरतो. बंदराला तर भेद पुसूनच हिशेब करावा लागतो. वीस फुटी पेटी हे एकक. चाळीस फुटी आली की ती दोन धरायची. आत कांदे असोत, यंत्रांचे सुटे भाग असोत की परदेशी निघालेला कुणाचा संसार, कागदावर एकक तेच. व्यापाराला हे लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. कवितेत ही मोजणी शिरली की मात्र प्रत्येक मन सागर होते आणि प्रत्येक आई वात्सल्यसिंधू.

हे बंदर 1989 साली सुरू झाले. त्याआधीचा उरणचा हा पट्टा म्हणजे भातखाचरे, खाजणे आणि मिठागरे. मिठाचा खडा चौकोनी, कंटेनरही चौकोनी, अशी जुळणी आयती हाताशी येते तेव्हा मी ती बाजूला ठेवतो. पुन्हा आकृतीच, म्हणजे पुन्हा जिराफच. मिठाकडे दुसऱ्या वाटेने जावे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला रात्री पाण्यात मीठ टाकून ठेवायला सांगतो. सकाळी मीठ दिसत नाही, पण घोटाघोटाला लागते. आत्म्याचा केवढा मोठा दृष्टांत! तेव्हापासून मीठ आपल्याकडे पाण्यात विरघळतच आले आहे. आगरात मात्र सगळे उलटे चालते. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत दाट करायचे, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या तळावर पसरायचे. उन्हाने पाणी जाते, मीठ उरते. ज्याच्या टाचांना त्या पाण्याने भेगा पडल्या, त्याला विरघळण्यात मुक्ती कशी दिसावी? अवेळी पाऊस आला आणि उघड्यावरची रास विरघळली, तर त्याचा हंगाम बुडतो. त्याला अद्वैत सांगायचे तर दृष्टांत दुसऱ्या टोकाने धरावा लागेल, आणि तसा तो कोणी धरलेला माझ्या वाचनात नाही.

अर्थात नेवाशाहून समुद्र कितीतरी दूर, तरी तिथे सांगितलेल्या 1290 च्या ज्ञानेश्वरीत समुद्र आणि लाटा पुन्हा पुन्हा येतात, आणि एका अर्थासाठी एकामागून एक दृष्टांत उभे राहतात. तिथे माझा बगळ्याचा आग्रह सैल पडतो. प्रतिमेकडे रहिवासाचा दाखला मागण्यात अर्थ नाही.

पण काही रूपकांकडे मागावा. ‘बंदर म्हणजे देशाचे प्रवेशद्वार’ हे भाषणांतले लाडके रूपक. उपमेतल्या ‘सारखे’मध्ये शंकेला थोडी फट असते, रूपक ती बुजवून टाकते. दार म्हटले की घर आलेच, आणि घर कोणाचे हे विचारायचे राहून जाते. घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी उठले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी, जासईच्या परिसरात, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित भूखंडाचा हक्क आला, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा. उरण-पनवेलकडच्या घरात, लग्नाच्या मांडवातही, ‘साडेबारा टक्के’ एवढेच म्हटले तरी पुरते. उपमा नाही, रूपक नाही. कोणाची किती गेली, कोणाला कुठे मिळाले, कोणाचे अजून कागदावरच आहे, हे पुढे आपोआप सुरू होते, आणि जेवणाची पंगत उठली तरी संपत नाही.