हिला बोट लागते

माणसाने बायकोला फारशी वचने देऊ नयेत. द्यायचीच झाली तर निदान जमिनीवर उभे राहून द्यावीत. मी एक वचन पाण्यावर दिले आणि ते फेडायला मला एक्केचाळीस वर्षे लागली.

१९७८ सालचा मे महिना. लग्नाला चार दिवस झालेले आणि नव्या नवरीला घेऊन मी भाऊच्या धक्क्यावरून पणजीच्या बोटीने गावी, मालवणला निघालेलो. ही गिरगावात वाढलेली. समुद्र तिने पाहिला होता तो चौपाटीवरून, भेळ खाता खाता. डेकवर सतरंज्या, वळकट्या, ट्रंका आणि त्यांच्यावर बसलेली माणसे. बोट मुंबईबाहेर पडली आणि हिने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. "बोट लागली पोरीला," शेजारच्या मावशींनी फी न घेता निदान केले. मग माझी धावपळ. लिंबू आणले, आलेपाक मागून आणला, कुणाची तरी आवळासुपारी आणली. पहाटेच्या काळोखात मालवणला पडावात उतरताना हिचा हात धरून मी म्हणालो, "एकदा तुला खऱ्याखुऱ्या मोठ्या बोटीतून नेईन. खाली समुद्र आहे हे कळणारसुद्धा नाही!"

तेव्हापासून आमच्या घराण्यात 'हिला बोट लागते' हे वाक्य कुलाचारासारखे रुजले. कुणी अलिबागला लाँचने जायचे म्हटले की मीच आधी म्हणायचो, "नको रे बाबा, हिला बोट लागते." ती काही बोलायची नाही. मी ती संमती समजत असे. नवरे समजतात.

२०१९ साली आम्ही मुलाकडे दुबईला गेलो. एके दिवशी तो म्हणाला, "बाबा, तुमच्या वचनाची सोय केलीय. क्वीन एलिझाबेथ टू. एक रात्र."

मी हरखलो. क्यूई-टू! १९६७ साली खुद्द इंग्लंडच्या राणीने जिचे जलावतरण केले, १९६९च्या मे महिन्यात जी साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पहिल्या सफरीवर निघाली, ती बोट!

"कुठे जाते?" हिने विचारले.

"कुठेच नाही. आता तिचं हॉटेल झालंय. धक्क्यालाच बांधलेली असते."

हिने तरीही पर्समध्ये आवळासुपारीची डबी टाकली. मी मुलाला समजावले, "उभी असली तरी बोटच ती. हिला लागते."

रशीद बंदरात ती समोर आली आणि माझी मान मागे मागे जात टोपी पडली. लांबी नऊशे त्रेसष्ट फूट. आमची अख्खी आळी, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट, आत मावली असती. बोट दाखवणारा तरुण माहिती सांगत होता. एक गॅलन तेलात ही बोट साधारण पन्नास फूट जायची म्हणे. मी मनातल्या मनात हिशेब केला. घरातून वाण्याकडे कोथिंबीर आणायला जायचे तर जाऊन-येऊन बारा-तेरा गॅलन! माझी स्कूटर लिटरला पस्तीसच देते म्हणून मी मेकॅनिकशी भांडत असे, त्याची मनोमन क्षमा मागितली.

आमच्या घोळक्यात एक वृद्ध इंग्रज होते. या बोटीने ते दोनदा अमेरिकेला गेले होते. माझे इंग्रजी सरकारी कचेरीतले, 'आपल्या पत्राच्या संदर्भात' या वळणाचे. तरी आमचे जमले. त्यांनी सांगितले की जेवणाची खोली तिकिटावर ठरायची. महागाच्या केबिनवाल्यांचे 'ग्रिल' वेगळे, बाकीच्यांचे भोजनगृह वेगळे. थोडक्यात, जसे भाडे तशी पंगत. यजमानांच्या पंगतीला श्रीखंड आणि दुसऱ्या पंगतीला लापशी, एवढेच. अमेरिकेकडे जाताना वाटेत रोज रात्री घड्याळ एक तास मागे करायचे, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा. ही एकदम म्हणाली, "तो जास्तीचा तास मला कधी मिळाला असता तर!" इंग्रजाला भाषांतर करून सांगायचे मी टाळले. त्याची बायकोही शेजारीच होती.

बोटीने काय काय पाहिले होते! १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात तिच्यातून तीन हजारांवर सैनिक गेले. बुटांनी गालिचे खराब होऊ नयेत म्हणून त्यांवर हार्डबोर्ड अंथरले होते. युद्धावर निघालेल्या बोटीतही कुणीतरी 'पाय पुसून या' म्हणणारे होतेच, हे ऐकून हिला बरे वाटले. १९९५ साली वादळात सुमारे पंच्याण्णव फुटांची लाट समोरून आली, तीही तिने अंगावर घेतली. आणि एक अमेरिकन आजीबाई तर वर्षानुवर्षे तिच्यातच बिऱ्हाड करून राहिल्या होत्या.

मग २००८ साली ती निवृत्त होऊन दुबईला आली. हॉटेल सुरू झाले २०१८ साली. मधली नऊ-दहा वर्षे? नुसती उभी. हे ऐकताना मात्र मी गप्प झालो. निवृत्तीनंतर मीही असाच गॅलरीत उभा राहून काढली आहेत काही वर्षे. फरक इतकाच, की मला बघायला कुणी तिकीट काढत नाही.

रात्री झोप येईना. गोल खिडकीतून बंदराचे दिवे दिसत होते. ही जागीच होती.

"लागतेय का गं बोट? डबी देऊ?"

"वर जाऊया," ती म्हणाली.

डेकवर आम्ही दोघेच. कठडा धरून बराच वेळ उभे राहिलो. मग ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. मला त्या वेळी बोट लागलीच नव्हती."

"कधी?"

"मालवणला जाताना. धक्क्यावर अण्णा उभे होते ना, ते लहान लहान होत गेले. मला रडू फुटलं. शंभर माणसांत नव्या नवरीनं रडायचं कसं? त्या मावशी म्हणाल्या बोट लागली, मी म्हटलं, असू दे."

मी कठडा घट्ट धरला. "अगं, मग लिंबू? आलेपाक?"

"तुम्ही इतके धावत होतात, सांगायचं राहिलं. आणि खरं सांगू, ते बरं वाटत होतं. म्हटलं, जातोय तिथे निदान एक माणूस तरी आपल्यासाठी धावणारा आहे."

"एक्केचाळीस वर्षं?"

"विचारलंत कुठे तुम्ही? तुम्हीच सगळ्यांना सांगत सुटलात."

एक्केचाळीस वर्षे त्या मावशींच्या निदानावर मी संसार केला होता! आणि अण्णा जाऊनही आता वीस वर्षे झाली. पुढे काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी नुसताच उभा राहिलो. तीही. निवृत्त बोटही आमच्याखाली शांत उभी होती. तिला कुठे जायची घाई नव्हती.

सकाळी जिना उतरून धक्क्यावर पाय टेकला आणि काय झाले कोण जाणे, मला एकदम गरगरले. मुलगा धावला, "बाबा, काय होतंय?"

हिने शांतपणे पर्समधून डबी काढली आणि माझ्या तळहातावर आवळासुपारी ठेवत म्हणाली, "काही नाही रे. ह्यांना बोट लागते."