बांधी ते फलाट

रोवणीच्या दिवसांत गंगाझरीच्या फलाटावर उभं राहिलं की चहूकडून ओल्या धानाचा वास येतो. गाडी यायला अवकाश असतो. कुणी नळावर पायाचा चिखल धुतो, पिशवीतून कोरडी चप्पल काढून घालतो, आणि धानाच्या बांधीतला माणूस गोंदियाच्या दुकानातला नोकर होतो. इकडे या रोजच्या ये-जा करण्याला ‘अप-डाऊन करणं’ म्हणतात. तिरोडा, काचेवानी, आमगाव, सालेकसा, कुठलंही स्टेशन घ्या, पासधारकांचा हा रोजचा संसार दिसतो.

1880च्या दशकात नागपूर–राजनांदगाव लोहमार्ग इथून गेला. पुढे अडीच फूट रुंदीची ‘छोटी लाईन’ बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जोडली गेली आणि दक्षिणेकडे नागभीड, चांदा फोर्टचा रस्ता खुला झाला. चार दिशांच्या रुळांवर गोंदिया वाढलं. धान इथे आलं, गिरण्यांत भरडलं गेलं, तांदूळ होऊन देशभर गेलं. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा कचेरीची कामंही याच गाड्यांनी येऊ लागली.

मुंबईत उपनगर म्हणजे शहराचं भाडं न परवडलेला माणूस जिथे जाऊन राहतो ते ठिकाण. गोंदियाकडे उलट आहे. माणूस आपल्या घरात, आपल्या शेताजवळ, म्हाताऱ्या आईवडिलांपाशी राहतो; फक्त पगार शहरातून आणतो. खोलीभाडं नाही, घरचा तांदूळ, अंगणातली भाजी. हे सुख टिकतं ते एका सवारी गाडीच्या थांब्यावर.

मार्च 2020मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा ते उघड झालं. अंतर तेवढंच होतं, पण पासावर जाणाऱ्याला मोटारसायकलचं पेट्रोल परवडेना. ज्यांच्याकडे तीही नव्हती, त्यांचं गाव एका रात्रीत लांब गेलं.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, मुंबईची विदर्भ एक्सप्रेस आहे, बिरसीला विमानतळही आहे. त्यांचा अभिमान जरूर असावा. पण जिल्ह्याचं रोजचं जगणं मोजायचं तर आधी लहान स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीची वेळ पाहावी. मालगाडीला वाट देत ती तासभर उभी राहिली की कुणाची हजेरी बुडते, कुणाच्या मुलीचा कॉलेजातला पहिला तास जातो.

संध्याकाळी तोच माणूस गंगाझरीला उतरतो. चप्पल पुन्हा पिशवीत जाते. भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या चाकावर सकाळचा चिखल वाळून पांढरा झालेला असतो. तो हाताने झाडतो आणि उजेड आहे तोवर बांधीतलं पाणी बघायला निघतो.