देवनारच्या खाडीची नोंद

देवनारचे नाव काढले की मुंबईकर नाकाला रुमाल लावतो. कत्तलखाना आणि 1927 पासून साचत आलेला कचऱ्याचा डोंगर, एवढीच आमची ओळख. 2016 साली त्या डोंगराला आग लागली. तो धूर साऱ्या शहराने पाहिला, आमच्या वस्तीने तो छातीत घेतला.

पण याच डोंगराला लागून ठाण्याची खाडी आहे आणि त्या खाडीला जगात मान आहे, हे आम्हाला कळले ते पक्षिमित्रांच्या एका मासिक सभेत. पक्षी पाहणे म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असा आमचा समज होता. तरी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर एका रविवारी वस्तीतली चार मुले घेऊन आम्ही गोवंडीहून गाडी पकडली.

सभेची रीत साधी होती. आधी ज्याने त्याने महिन्याभरात काय पाहिले ते सांगायचे. पक्षी कोणता, कुठे, किती, कोणत्या तारखेला, हे सारे वहीत लिहिले जाते. मग चित्रे दाखवून तासभर व्याख्यान, नंतर प्रश्न आणि चहा.

त्या दिवशीचा विषय होता रोहित, म्हणजे आपण ज्याला फ्लेमिंगो म्हणतो तो. हिवाळ्याच्या सुमारास हे पक्षी खाडीत येतात आणि पावसाळ्यापर्यंत राहतात. काही वर्षी त्यांची संख्या लाखावर जाते. ओहोटीत चिखल उघडा पडला की चोच उलटी धरून ते त्यातले बारीक शेवाळ व किडे गाळून खातात. त्या खाण्यातूनच पंखांना गुलाबी रंग चढतो. 2015 साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला. 2022 साली पाणथळ जागांच्या रामसर यादीतही ठाण्याच्या खाडीचे नाव लागले.

व्याख्यान संपल्यावर, आणखी कुणी काही पाहिले आहे का, असे विचारण्यात आले. आमच्यातला नववीतला मुलगा चाचरत उभा राहिला. म्हणाला, "आमच्याकडे घारी असतात. कचऱ्याची गाडी खाली झाली की घिरट्या घालतात. गायबगळे तर गाडीच्या मागेच चालतात." आम्हाला वाटले, आता हसतील. कुणी हसले नाही. घारी साधारण किती, सकाळी की दुपारी, घरटी कुठे, असे प्रश्न आले. मग वहीत नोंद झाली : देवनार. नाक न मुरडता लिहिलेले आमच्या वस्तीचे नाव आम्ही प्रथमच पाहिले.

परतीच्या गाडीत मुलगा बराच वेळ गप्प होता. चेंबूर आल्यावर म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात मोजून आणतो."

तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही समाजमंदिरात मुलांना बसवतो. दुर्बीण नाही, एक वही आणि पेन्सिल आहे. पुस्तक लागलेच तर मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' वाचनालयातून आणावा. खाडीवर जायचे तर तिथी पाहावी : अष्टमीच्या सुमारास भरदुपारी ओहोटी असते. मात्र चिखलात उतरू नये, काठावरूनच पाहावे.

बंधू-भगिनींनो, आपल्या दाराशी काय आहे ते दुसऱ्यांनीच लिहावे, असे का? कचरा आपल्या माथी आला, तशी ही खाडीही आपल्या वाट्याला आली आहे. तिची नोंद आपल्या मुलांच्या हातची असू द्या.